सांडूमामाची झोप

मागच्या महिन्यात आमच्या वजनकाट्याच्या भिंतीवर कुणीतरी एक छापील कागद चिकटवून गेलं. ड्रायव्हरनं दिवसाला आठ तासांच्या वर गाडी चालवू नये, पाच तास झाले की अर्धा तास विसावा घ्यावा, आठवड्यातून एक दिवस सुट्टी घ्यावी, असं त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलंय. खाली एक हसरा ड्रायव्हर छापलाय. त्याचे गाल इतके भरलेले आणि डोळे इतके ताजे, की जालन्यापासून नागपूरपर्यंतचा एकही ड्रायव्हर त्याला आपल्यातला मानायला तयार नाही. सळई भरून आलेली मंडळी काटाचिठ्ठीची वाट बघत तो कागद वाचतात आणि पोट धरून हसतात. परवा एकानं मला फार गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "काटेवाले, हे आठ तास जातानाचे का येतानाचे?"

मी हसलो नाही. माझ्यासारखा माणूस हसला नाही म्हणजे कारण तसंच पाहिजे. कारण असं, की हा नियम शब्दाला शब्द पाळणारा एक माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय. पाळणारा म्हणजे कसा, तर सरकारनं आधी त्याला झोपलेला पाहिलं आणि मग तो नियम लिहायला घेतला अशी माझी पक्की खात्री आहे. त्याचं नाव सांडूमामा. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा. मामा आता राहिला नाही. तो असता तर मी हा कागद भिंतीवरून काढून त्याला घडीभर हसायला दिला असता.

माझ्याबद्दल एवढंच सांगून बाजूला होतो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या काट्यावर बसून मला दिवसभर किलोकिलोचं खरं बोलावं लागतं. त्यामुळं संध्याकाळनंतर माझ्या बोलण्यात माल थोडा जास्तीचा भरला जातो. वाचणाऱ्यानं आपापल्या परीनं वजावट करून घ्यावी.

तर सांडूमामा. उभा राहिला की कमान आणि आडवा झाला की धरणाची भिंत. मान द्यायची देवाकडून राहून गेली होती. खांद्यांवर थेट डोकं ठेवून वर पांढरा रुमाल गुंडाळून दिलेला. चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. "मामा, चहा घेणार का?" असं विचारलं तर 'हो' ऐकू येईपर्यंत चहावर साय धरायची. पण हे सगळं जागेपणीचं झालं. मामाचा खरा पराक्रम डोळे मिटल्यावर सुरू व्हायचा. एकदा एका नव्या मेकॅनिकनं त्याच्या ट्रकचं बोनेट उघडलं आणि आत कसला आवाज येतोय ते शोधत अर्धं इंजिन खाली काढून ठेवलं. आवाज काही थांबेना. शेवटी बिचाऱ्यानं केबिनमध्ये डोकं घातलं, तर सीटमागच्या फळीवर सांडूमामा पालथा पडलेला.

ती फळी म्हणजे मामाचा अभिमान. त्या काळात देशभर फिरायचा परवाना असलेल्या ट्रकवर दोन ड्रायव्हर पाहिजेत, असा नियम होता. नुसते दोन असून भागत नसे. पुढच्या सीटमागं दुसऱ्याला पाय लांब करून झोपता येईल एवढी आडवी जागा पाहिजे, हेसुद्धा त्यात लिहिलेलं होतं. मामा ज्याला त्याला सांगायचा, "लोकांच्या जिमिनी सरकार-दरबारी लिवलेल्या असतात, माझी बाज लिवलेली हाये." बाकीचे मालक दुसऱ्या ड्रायव्हरच्या नावाखाली वाटेल ते दाखवायचे. कुणी क्लीनर दाखवी, कुणी हमाल. एका बहाद्दरानं सरकीच्या पोत्याला टोपी घालून फळीवर झोपवलं होतं आणि ते पोतं दोन राज्यं पार करून आलं. आमचे शेठ मात्र जात्याच भित्रे. कायद्याला भिऊन त्यांनी खरोखरच दोन माणसं ठेवली. एक सांडूमामा आणि दुसरा हबीबभाई.

हबीबभाई तीर्थपुरीचा. जिल्ह्याच्या एका टोकाला धावडा, दुसऱ्या टोकाला तीर्थपुरी. माणसंही तशीच दोन टोकांची. मामाच्या सदऱ्याच्या बाहीत हबीबभाई अख्खा मावला असता आणि वर डबा ठेवायला जागा उरली असती. जीभ मात्र तिखट, डोळे घारीचे.

ह्या दोघांची काम करायची एक पद्धत होती. ती मी दुसऱ्या कुठल्याच जोडीत पाहिली नाही. एकानं चालवायचं, एकानं मागं झोपायचं. पाळी बदलायची वेळ झाली की गाडी बाजूला घ्यायची आणि झोपलेल्याच्या पायाचा अंगठा धरून हलवायचा. हाक मारायची नाही. हाकेनं माणूस दचकतो, आणि दचकलेल्या माणसाच्या हाती गाडी द्यायची नसते, असं मामाचं म्हणणं. उठलेल्यानं तोंड धुवायचं, गाडीभोवती फिरून दांडक्यानं एकेक टायर वाजवून बघायचं. मग दोघांत मिळून एक बिडी. पहिली अर्धी उतरणाऱ्याची, उरलेली अर्धी चढणाऱ्याची. काय बोलायचं ते त्या बिडीत बोलून घ्यायचं. बिडी संपली की मामा फळीवर आणि हबीबभाई चाकावर, किंवा उलट. झोपणारा म्हणायचा, "पडतो." चालवणारा म्हणायचा, "पड, मी हाये." हबीबभाईची बोली वेगळी: "सो जा सांडू, गाडी मेरे कने है." एवढं ऐकल्याशिवाय दोघांपैकी कुणी डोळा मिटत नसे.

वीसेक वर्षं असा संसार चालला. विचार करा, वीस वर्षं एका खोलीत राहून ह्या दोन माणसांनी एकमेकांना नीट जागं पाहिलेलं नव्हतं. सगळी दोस्ती बिडीबिडीनं झालेली. हबीबभाईच्या पोरीचं लग्न जमलं ती हकिगत मामाला अशीच हप्त्याहप्त्यानं कळली. नागपूरच्या अलीकडं कळलं की पोरीला बघायला माणसं येऊन गेली. ती कुठली, ते विचारायच्या आत बिडी संपली. हैदराबादला कळलं की ती परभणीची. पोरगा काय करतो ते रायपूरला. पुढं पावसाळा संपत आला तरी मामाला नवऱ्या मुलाचं नाव ठाऊक नव्हतं.

त्या लग्नाला तीर्थपुरीला मीही गेल्तो. मंडपात दोघांना समोरासमोर खुर्च्या दिल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा दोघंही एकाच वेळी जागे, धुतलेले, अत्तर लावलेले, आणि समोर अख्खा दिवस मोकळा. बोलायला काही सुचेना. हबीबभाई मंडपाच्या कापडाकडं बघतोय, मामा आपल्या नव्या चपलांकडं. मामानं विचारलं, "बरं चाललंय का?" हबीबभाई म्हणाला, "हां, बराबर." मग पुन्हा एकाचे डोळे कापडाकडं, एकाचे चपलांकडं. सोयरीक तुटायला आलेल्या दोन व्याह्यांसारखे दिसत होते. शेवटी मामाला बसल्या बसल्या डोळा लागला आणि मंडपात घोरणं सुरू झालं. तसा हबीबभाईचा चेहरा खुलला. खुर्ची ओढून तो मामाच्या शेजारी येऊन बसला आणि पोरीच्या लग्नाची सगळी गडबड सोडून रुमालानं मामाच्या तोंडावरच्या माश्या हाकलत राहिला. पाहुण्यांनी हाका मारल्या, तर ओठावर बोट ठेवून म्हणाला, "अब्बी नै. अब्बी वो सोया है."

काट्यावर तर त्यांनी माझी अब्रू काढायची बाकी ठेवली होती. गाडी काट्यावर चढली की माणसांनी खाली उतरायचं असतं. हबीबभाई उतरायचा, मामा फळीवर. उठवायची सोय नव्हती. मग मामासकट गाडीचं वजन करायचं आणि मामाचं वजा करायचं, असं ठरलं. पण आकडा ठरेल तर शपथ. मामानं श्वास आत ओढला की काटा वीस किलो खाली, सोडला की वीस किलो वर. मी श्वासाच्या बरोब्बर मध्यावर बटण दाबायला शिकलो. अशी विद्या महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाकडं नाही. एक व्यापारी खवळून म्हणाला, "मी सळई घेऊन राह्यलो का ड्रायव्हर?" हबीबभाईनं शांतपणे त्याला सांगितलं, "शेठ, सळई ले लो. ड्रायव्हर मेरा है."

आणि तो साहेबांचा किस्सा. वाशिमच्या पलीकडं एका तपासणी साहेबांनी गाडी अडवली. दुसरा ड्रायव्हर कुठाय म्हणाले. हबीबभाईनं मागं बोट दाखवलं. साहेबांनी आत डोकावलं, तर अंधारात काहीतरी डोंगरासारखं वर-खाली होतंय. पोत्यांना टोप्या घातलेल्या बघून साहेब आधीच वैतागलेले. म्हणाले, माणूस असेल तर उठवून दाखव. हबीबभाई म्हणाला, चलान फाडा, गाडी जप्त करा, मला आत टाका, पण त्याला उठवायचं नाही. त्याच्या झोपेची वेळ आहे आणि ती तुमच्याच कायद्यात लिहिली आहे. साहेब हट्टाला पेटले. माणूस स्वतःहून उठेपर्यंत थांबतो म्हणाले. खुर्ची मागवली, चहा मागवला. मामाचं घोरणं चालू. तासाभरानं साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर झोपला, मग शिपाई झोपला, मग चहावाला झोपला आणि शेवटी खुर्चीत साहेब. हबीबभाई हळूच निघून आला. ह्यात वजावट किती करायची ते तुम्ही बघा. पण 'उसकू उठाओ मत' एवढं वाक्य मात्र वजावटीत घालू नका. ते मी माझ्या कानांनी काट्यावर कितीतरी वेळा ऐकलंय.

मग एक दिवस तो नियम गेला. परवान्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर पाहिजेत ही अट सरकारनं काढून टाकली. आता गाड्या नव्या आहेत, रस्ते चांगले आहेत, एक माणूस पुरे. आठ तासांचा नियम कागदावर होता तसाच राहिला, पण पाळी बदलायला मागं माणूस नसला तर आठ तासांनंतर गाडीनं काय करायचं, हे तो कागद सांगत नव्हता. मालाला मात्र वेळेवर पोचायचं होतं.

 ती अट गेली तेव्हा दोघं रडले असतील असं तुम्हाला वाटेल. दोघांनी पेढे वाटले. शेठनं दोन नव्या गाड्या काढल्या आणि एकेक एकेकाला दिली. थंड हवेची केबिन, मऊ सीट. इतकी वर्षं अर्ध्या गाडीचे धनी असलेले दोघं पहिल्यांदा पूर्ण गाडीचे धनी झाले. मामानं पुढं झेंडूचा हार घातला, हबीबभाईनं आरशाला हिरवी झालर बांधली. माझ्या काट्यावर दोघांनी एकमेकांची थट्टा केली. मामा म्हणाला, "सुटलो बाबा तुझ्या खोकल्यातून." हबीबभाई म्हणाला, "अन् मैं तेरे खर्राट्यातून. अब मेरे कान मेरे हुए." आणि दोन गाड्या एकामागं एक फाटकातून बाहेर पडल्या. फाटकावर एक उजवीकडं वळली, एक डावीकडं. पेढा माझ्या तोंडात होता. गोड होता.

पहिल्याच खेपेला मामाला झोप येईना. हैदराबादच्या रस्त्यावर ढाब्यामागं गाडी लावली, नव्या फळीवर पडला, पडून राहिला. शेवटी हबीबभाईला फोन लावला. हबीबभाई तिकडं नागपूरच्या वाटेवर गाडी चालवत होता. मामा म्हणाला, "पडतो." तिकडून आवाज आला, "सो जा सांडू, गाडी मेरे कने है." गाडी होती चारशे-पाचशे किलोमीटर लांब आणि वेगळ्याच दिशेला. मामा झोपला. फोन तसाच चालू राहिला. तिकडं हबीबभाईच्या केबिनमध्ये मामाचं घोरणं आणि इकडं मामाच्या उशाशी हबीबभाईच्या इंजिनचा आवाज.

तेव्हापासून तेच चाललं. गाड्या दोन झाल्या, पण पाळ्या त्यांनी एकच ठेवल्या. एक चालवायला लागला की दुसऱ्यानं गाडी बाजूला लावून पडायचं, आणि फोन मधे चालू. गाडी चालवताना फोन चालू ठेवणं कायद्यात बसत नाही, हे मलाही कळतं. पण ह्यांनी पाळलेला कायदाही कुठं शिल्लक होता. मामा सुट्टीला धावड्याला आला तरी उशाशी फोन असायचाच. मामी माझ्यापाशी तक्रार करायची, "बायांच्या सवतीला येणी असती, माझ्या सवतीला दाढी हाये."

त्यांचं हे गणित शेठना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी शेठ काय करणार होते, मला सांगता येत नाही. एका आठवड्यात माल तुंबला आणि दोघांच्या गाड्या एकाच दिवशी भरल्या. दोघांनाही दुसऱ्या दिवशी पोचायचंच होतं. माझ्याच काट्यावरून दोन्ही गाड्या गेल्या. आकडे एकदम स्थिर आले, आत कुणी झोपलेलं नव्हतं.

पुढचं मामानं मला एकदाच सांगितलं, काट्याच्या बाकावर बसून, रस्त्याकडं बघत. दुसऱ्या दिवशीची दुपार. ऊन असं की डांबर हलतंय. हबीबभाई नागपूरकडच्या सरळसोट रस्त्यावर, ना वळण ना चढ. दोघंही आदल्या दिवसापासून चाकावर. फोन चालू होता, पण फोनवर दोघंही जागे. बोलायला तर त्यांना कधीच जमलं नव्हतं.

हबीबभाई म्हणाला, "सांडू, तू पड की जरा."

मामा म्हणाला, "कसा पडू? मी चालवून राह्यलो."

"थोडा तो सो. तू घोरला तो मेरी आँख खुली रहती."

"उतारावर हाये मी हबीब. माल द्यायचाय. संध्याकाळी पडतो."

हबीबभाई खोकला. मग हसला. म्हणाला, "फिर मैं किसकू संभालू?"

त्यानंतर मामाला फक्त इंजिनचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मग तोही आला नाही.

समोर उभ्या असलेल्या एका गाडीवर हबीबभाईची गाडी गेली होती. कागदोपत्री लिहिलं गेलं, चालकाचा हलगर्जीपणा, डोळा लागला. मामा ते वाचून माझ्यापाशी आला. रागावला नव्हता. मला समजावून सांगावं तसं म्हणाला, "भाचेबुवा, हबीबचा डोळा कदी लागत नव्हता. वीस वर्षांत लागला न्हाई. मागं माणूस झोपलेला असला ना, की चालवणाऱ्याला झोप येत न्हाई. त्याची झोप राखायची असती. मी गाडी बाजूला घेऊन पडलो असतो तं हबीब जागा राह्यला असता. जागं राहून मीच मारला त्याला."

 

त्या दिवसापासून मामाची झोप गेली. ज्या माणसाच्या झोपेनं काटे हलत होते, तो डोळे उघडे ठेवून पडून राहायला लागला. गाडी सोडली, धावड्याला जाऊन बसला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळीनं दुसरा एखादा बैल आडवा झाला असता. मामाला फक्त तोंड कोरडं पडायचं. मामीनं डोक्याला तेल चोळलं, बाजेखाली कांदा ठेवला, रेणुकाईला नारळ बोलली. शेवटी तिनंच शोधून काढलं की ह्याला इंजिनची सवय आहे. शेजारच्या वाड्यातल्या दिराला सांगून तिनं बाजेशेजारी ट्रॅक्टर आणून उभा केला आणि चालू करून ठेवला. सगळं अंगण थरथरायला लागलं, कोंबड्या पळाल्या, गावातली माणसं बघायला आली. मामा बाजेवर चांगला आडवा झाला. मामीला वाटलं, लागला डोळा. ती वाकून बघायला गेली, तर मामा आभाळाकडं बघत होता. म्हणाला, "इंजन चालू हाये ग. पन चालवतंय कोन?"

मामीनं ट्रॅक्टर बंद करायला सांगितला.

कधीमधी मामा एसटीनं जालन्याला यायचा आणि काट्याच्या बाकावर दिवसभर बसायचा. अर्धा झाला होता. सदरा त्याच्या अंगावर नसून दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसे. काट्यावर चढणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तो एकच प्रश्न विचारायचा, "मागं कोन हाये?" ड्रायव्हर मंडळी वळून मागं बघायची. मागं कुणी नसायचं. नवी पोरं मला खूण करून विचारायची, म्हातारा येडा आहे का. मी त्यांना मामाच्या थापा-गोष्टी सांगून हसवायचो, वीस किलोची, साहेबांची, मेकॅनिकची. मामाही ऐकायचा. एकदा म्हणाला, "भाचेबुवा, कोन होता रे तो? लई झोपायचा."

मागच्या वर्षी मामा डोळे दाखवायला जालन्याला आला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना काही नाही, त्यांना फक्त मिटायला शिकवा. मामीचा मला फोन आला की त्यांना एसटीत बसवू नका, चक्कर येते, तुम्हीच आणून सोडा. मी माझी जुनी व्हॅन काढली. दुपारी जेवून निघालो. मामा माझ्या शेजारी बसला होता, काचेतून समोर बघत, जणू गाडी तोच चालवतोय.

राजूर मागं पडलं आणि मला जांभई आली. माझी जांभई म्हणजे साधी गोष्ट नाही, तीत एखादी चिमणी सहज घरटं करून जाईल. मामानं तोंड वळवून माझ्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा कुठल्यातरी कामाला लागलेला दिसला.

"झोप येऊन राह्यली का रे?"

"थोडी झापड हाये मामा. जेवण झालंय ना."

"गाडी घे बाजूला."

मला वाटलं, आता हा चाक मागणार. ते कसं नाकारावं ह्या काळजीत मी गाडी थांबवली. मामा खाली उतरला, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर आडवा झाला. सीट कसली पुरते; गुडघे दुमडले, पाय खिडकीतून बाहेर काढले.

"मामा, मला झोप आलीय तर तुम्ही पडून काय होणार?"

"तू चालव," मामा म्हणाला. "मी हाये ना मागं. पडतो."

मला काय म्हणायचं ते ठाऊक होतं. मी गाडी चालू केली. "पडा मामा," मी म्हणालो, "मी हाये."

भोकरदनपर्यंत आरशात दिसत होतं. डोळे उघडे होते. झोपायला म्हणून तो पडलाच नव्हता, मला जागं ठेवायला पडला होता. माझी झापड तर केव्हाच उडाली होती. भोकरदनच्या पुढं मी आरशात बघायचं सोडून दिलं. न जाणो, माझ्या नजरेचा धक्का लागायचा. पिंपळगाव रेणुकाईच्या आसपास कुठंतरी मागून आवाज आला. पहिल्यासारखा नव्हता. फार बारका, चुलीवर भात रटरटतो तसा. पण होता. मी इतकी वर्षं गाडी चालवतोय, तशी गाडी त्या दिवशी पहिल्यांदा चालवली. खड्डा दिसला की मी गाडी पायी चालल्यासारखी हळू करायचो. समोरच्या गाड्यांना मी हात जोडत होतो की हॉर्न वाजवू नका.

धावडा आलं. मामाचं घर रस्त्यालाच. मामी दारात उभी होती. मी गाडी हळू केली. ती पुढं झाली, खिडकीतून बाहेर आलेले पाय तिला दिसले आणि ती धसकली. मग तो आवाज तिच्या कानावर गेला. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. मी ब्रेकवर पाय ठेवणार, तेवढ्यात तिनं हात हलवला. थांबू नका. पुढं जा.

मी गेलो. बुलढाण्याच्या दिशेला काही अंतर जाऊन गाडी वळवली आणि परत आलो. मामी तिथंच. पुन्हा तोच हात. मी पुन्हा पुढं गेलो, पुन्हा वळलो. किती फेऱ्या झाल्या ते सांगत नाही. माझ्या आकड्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. ऊन उतरलं. गावातल्या लोकांना काहीतरी कळलं असावं, कारण कुणीतरी रस्त्यातली बैलगाडी बाजूला घेतली, कुणीतरी पिठाची गिरणी बंद करायला लावली, ओट्यावरची माणसं बोलायची थांबली. मामाला मी झोपलेला पाहिलं ते हे शेवटचं. तेही बाहेरच्या आरशात, आणि तेही नुसते दोन तळवे, धुळीचे, एकमेकांना टेकलेले.

पेट्रोलचा काटा खाली आला होता. दिवस मावळतीला लागला तशी मामी उंबऱ्यावर बसली होती, पण मी वळणावर दिसलो की लांबूनच तिचा हात वर व्हायचा.